संत्र्याच्या मुळाशी राखणदार



सोयाबीन बुडाले तर एक हंगाम बुडतो. कर्ज मागे राहते, मनाला घोर लागतो. पण पुढच्या मृगाला पुन्हा तिफण हाती धरता येते. संत्र्याचे तसे नाही. कलम लावल्यापासून पहिला बहर हाती यायला पाच-सहा वर्षे जातात. पुढे नीट जपलेला बगीचा वीस-पंचवीस वर्षे घर चालवतो. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, विहिरीचे खोदकाम, सारे त्या झाडांच्या भरवशावर ठरते. म्हणून दहा वर्षांचे झाड उभ्या उभ्या वाळले, की नुसते झाड जात नाही. मागची दहा वर्षे जातात आणि पुढची दहाही जातात.

काटोल, नरखेड, कळमेश्वर असो, की वरुड, मोर्शी, अचलपूर असो, संत्रा पट्ट्यात असा बगीचा नाही जिथे डिंक्याने एखादे तरी झाड नेले नाही. या रोगावर गेली काही वर्षे ट्रायकोडर्मा नावाचे जैविक बुरशीनाशक गावोगाव पोचले आहे. पण बांधावर दोन शेतकरी बोलायला बसले, की एक म्हणतो, "माझी झाडे सावरली." दुसरा म्हणतो, "मी पैसे देऊन मातीत माती मिसळली." आणि दोघेही खरे बोलत असतात. औषध तेच, रोग तोच. मग गुण वेगळा का? या लेखात त्याचाच उलगडा करायचा आहे.

शत्रू कोण आहे?

डिंक्या आणि मूळकुज या दोन्हींच्या मागे फायटोप्थोरा नावाची बुरशी असते. शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीत गणत नाहीत. ती पाण्यातल्या शेवाळाच्या जवळच्या कुळातली आहे. तिच्या नावाचा अर्थच 'वनस्पतींचा नाश करणारी' असा आहे. १८४५ पासून आयर्लंड देशात बटाट्याचे पीक नासून जो भीषण दुष्काळ पडला, तो हिच्याच एका बहिणीने घडवला होता.

तिची एक गोष्ट प्रत्येक संत्रा उत्पादकाने पाठ करून ठेवावी: तिचे बीजाणू पोहतात. त्यांना बारीक शेपट्या असतात. झाडाच्या आळ्यात पाणी साचले, की हे बीजाणू त्या पाण्यातून कोवळ्या मुळांच्या दिशेने जातात आणि मुळांवर चिकटून आत शिरतात. मोकाट पाणी दिले, की ते एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत फुकटात प्रवास करतात. विदर्भातली भारी काळी जमीन, पावसाळ्यातली झड आणि बुंध्याला लागून केलेले आळे, हे तिन्ही मिळाले म्हणजे या रोगाला आणखी काही लागत नाही.

आपल्याकडे संत्र्याचा डोळा बहुतेक जंबेरीच्या खुंटावर भरतात. झाड जोमाने वाढते, फळही चांगले येते. पण जंबेरीची मुळे या बुरशीला लवकर बळी पडतात. रंगपूर लाईमचा खुंट त्या मानाने तग धरतो.

आणखी एक गोष्ट. झाड पिवळे दिसले की कार्बेन्डाझिमचे पाणी मुळाशी ओतण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ते औषध खऱ्या बुरशीवर चालते, फायटोप्थोरावर चालत नाही. उलट मातीतल्या ज्या चांगल्या बुरशा आपल्या बाजूने लढत असतात, त्याच त्याने मरतात. म्हणजे चोराला सोडून राखणदाराला काठी मारल्यासारखे होते.

मूळ उकरून पाहा

डिंक बुंध्यावर दिसेपर्यंत थांबू नका. झाड त्याच्या आधी पुष्कळ दिवस बोलत असते. पानाची शीर पिवळी पडते, पाने लहान आणि विरळ होतात, शेंड्याकडून काड्या वाळू लागतात, बहर भरपूर येतो पण फळ बारीक राहते. असे झाड दिसले, की खुरपे घ्या आणि फांद्यांच्या सावलीच्या कडेला चार-सहा इंच माती हळूच बाजूला करा. केसासारखी बारीक तंतुमुळे हातात घ्या आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ पिवळसर पांढरे आणि टणक असते. रोगट मुळाची साल ओल्या मोज्यासारखी निसटून बोटात येते आणि मागे नुसता दोरा राहतो. ही परीक्षा घरातले शाळकरी मूलही करू शकते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, बगीच्याच्या सखल भागातली पाच-दहा झाडे अशी तपासली तर रोग कुठवर आला ते आपल्याला आधी कळेल, व्यापाऱ्याला नंतर.

राखणदाराची ओळख

वरुड-मोर्शी भागाला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. योगायोग असा, की ट्रायकोडर्माचा गुण पहिल्यांदा नीट दाखवला गेला तो अमेरिकेतल्या खऱ्या कॅलिफोर्नियात, आणि तोही लिंबूवर्गीय झाडांच्या निमित्ताने. तिथल्या रिव्हरसाइड गावच्या संशोधन केंद्रात रिचर्ड वाइंडलिंग नावाचे शास्त्रज्ञ रोपवाटिकेतली रोपे कोलमडण्याच्या रोगावर काम करीत होते. तो रोग रायझोक्टोनिया नावाच्या दुसऱ्या बुरशीचा. १९३२ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की ट्रायकोडर्मा ही मातीतली साधी हिरवी बुरशी त्या रोगट बुरशीच्या धाग्याला वेटोळे घालते आणि तिच्यावर जगते. पुढे १९३६ साली त्यांनी फॉसेट या शास्त्रज्ञांबरोबर लिंबूवर्गीय रोपांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले.

त्यानंतरच्या संशोधनातून तिची कामाची रीत स्पष्ट झाली. पहिले काम जागा धरण्याचे. मुळाभोवतीची जागा आणि अन्न तिने आधीच घेतले, की शत्रूला बस्तान बसवता येत नाही. दुसरे काम लढाईचे. ती शत्रूच्या धाग्याचे कवच विरघळवणारे पाचक रस सोडते. तिसरे काम जागे करण्याचे. तिच्या सहवासाने झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती वाढते.

तिच्या जोडीला स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणूही वापरतात. तो मुळाभोवतीचे लोह स्वतःकडे ओढून घेतो आणि रोगट बुरशीची उपासमार करतो. दोघे मिळून एकट्यापेक्षा चांगले काम करतात.

आता नीट लक्ष द्या. यांतले प्रत्येक काम राखणदाराचे आहे, डॉक्टरचे नाही. राखणदार चोरी होण्याआधी दारात हवा. बैल गेला आणि झोपा केला, असे करून इथे चालत नाही. ज्या झाडाची निम्मी मुळे कुजली, ज्याच्या बुंध्याची साल चहूबाजूंनी गेली, ते झाड ट्रायकोडर्माने उठत नाही. "माती टाकली" म्हणणाऱ्या शेतकऱ्यांपैकी पुष्कळांनी औषध रोगाच्या शेवटच्या पायरीवर घातलेले असते.

विरजणाचा नियम

दुसरे कारण याहून साधे आहे, आणि ते घरातल्या बायाबापड्यांना लगेच पटेल. पुडीतला ट्रायकोडर्मा म्हणजे विरजण आहे. विरजण उकळत्या दुधात घातले तर दही लागत नाही. फार थंड दुधात घातले तरी लागत नाही. आठ-पंधरा दिवस कुठे तरी उन्हात पडलेले विरजण तर उपयोगाचेच नसते. दुधाचा दोष नसतो, विरजणाचाही नसतो. घालणाऱ्याचा हात चुकतो.

पुडीत जिवंत बीजकण असतात, म्हणून हे नियम पाळा:

पुडी टिनाच्या कोठीत, युरियाच्या पोत्यांवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. जिथे माठ ठेवता तिथली भिंत चालेल, पण ओल नको.

ताज्या शेणात मिसळू नका. कुजणारे शेण आतून तापते आणि त्या उष्णतेने बीजकण मरतात. पूर्ण कुजलेले, भुसभुशीत, वास न येणारे शेणखतच घ्या.

भर दुपारी घालू नका. कडक ऊन तिचे शत्रू आहे. उन्हे उतरल्यावर घाला आणि लगेच मातीने किंवा पालापाचोळ्याने झाका.

कोरड्या मातीत घालू नका. ओल हवी, पण चिखल नको. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि पाणी निथळू नये, एवढी ओल पुरे.

रासायनिक खत किंवा बुरशीनाशक त्याच बादलीत कालवू नका.

घरच्या खताच्या ढिगावर वाढवा

पुडीतून झाडाला थेटही देता येते. मोठ्या झाडाला साधारण १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि १०० ग्रॅम स्युडोमोनास एक-दोन किलो शेणखतात मिसळून द्यावे. पण चारशे झाडांचा बगीचा असेल, तर आधी खतावर वाढवून घेणे स्वस्त पडते आणि गुणही चांगला येतो.

पद्धत अशी. १०० किलो पूर्ण कुजलेले शेणखत झाडाच्या सावलीत किंवा छपराखाली पसरा. त्यात १ किलो ट्रायकोडर्मा नीट मिसळा. निंबोळी पेंड घरची असेल तर पाच-दहा किलो तीही घाला. पाण्याचा हबका मारून ओल द्या आणि ओल्या बारदानाने झाका. दर तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करा आणि ओल गेली असेल तर पुन्हा पाणी शिंपडा. दहा-पंधरा दिवसांत खतावर आधी पांढरी, मग हिरवट बुरशी दिसू लागेल. म्हणजे विरजण लागले. हे खत मोठ्या झाडाला निदान पाच किलो तरी द्यावे. म्हणजे एका ढिगात वीस झाडे होतील. ढीग मोठा करायचा असेल तर त्याच प्रमाणात करा. तयार झालेले खत साठवून ठेवू नका, वापरून टाका.

इथे एक सावधगिरी. हिरवी दिसणारी प्रत्येक बुरशी ट्रायकोडर्मा नसते. सडलेल्या संत्र्यावर जी हिरवी बुरशी येते, ती फळकुजीची पेनिसिलियम बुरशी असते. "हिरवी ती औषधी" असे समजून सडकी फळे खताच्या खड्ड्यात किंवा झाडाखाली टाकू नका. ती गोळा करून बगीच्याबाहेर खोल पुरा.

केव्हा आणि कोठे?

पहिला हप्ता पावसाळा सुरू होऊन जमिनीत चांगली ओल झाली की द्या. म्हणजे जूनअखेर ते जुलै. दुसरा हप्ता पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. आंबिया बहर घेत असाल तर ताण तोडून पाणी सुरू केल्यावर एक हप्ता द्या, कारण त्या वेळी नवी पांढरी मुळे फुटतात आणि नव्या मुळाबरोबरच राखणदार बसवलेला चांगला.

खत बुंध्याशी रचू नका. झाड जेवते ते बुंध्याने नव्हे. अन्न घेणारी तंतुमुळे फांद्यांच्या सावलीच्या कडेला, वरच्या फूटभर मातीत असतात. तिथे गोल पट्ट्यात माती हलकेच खरडून खत मिसळा. खोल नांगरट किंवा खोल वखरणी करून मुळे तोडू नका. तुटलेले मूळ म्हणजे रोगाला उघडे दार.

ठिबकातून द्यायचे असेल तर पाण्यात पूर्ण विरघळणारे किंवा द्रवरूप औषधच घ्या. शंखजिऱ्याच्या भुकटीतली पुडी पाण्यात विरघळत नाही. तिने ठिबकाची तोंडे बुजतात.

मोरचूदाला रजा देऊ नका

जैविक आले म्हणून बोर्डो मलम सोडून द्यावे, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. बुंध्यासाठी बोर्डो आणि मुळासाठी ट्रायकोडर्मा, अशी कामाची वाटणी आहे.

बोर्डोचा शोधही मजेचा आहे. फ्रान्समधल्या बोर्डो गावाकडचे द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे पाणी शिंपडत, का तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत. मिलार्दे या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की केवडा रोगाने बाकी मळा उजाड झाला तरी रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. १८८५ साली त्यांनी हे जगापुढे मांडले.

मलमासाठी १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात वेगवेगळे कालवा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडी नकोत. मग दोन्ही एकत्र करा. त्यात स्वच्छ लोखंडी पाते बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला. हे मलम पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा. डिंक आलेला असेल तर धारदार चाकूने कुजलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडा, खरवड गोळा करून जाळा, चाकू प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा आणि मग मलम लावा.

मात्र तांबे बुरशी ओळखत नाही. ते वाईट आणि चांगली दोन्ही मारते. म्हणून उरलेले मलम आळ्यात ओतू नका. रोग फार वाढला आणि मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम यांसारखे रासायनिक औषध तज्ज्ञांच्या सल्ल्याने वापरावे लागले, तर त्यानंतर पंधरा-वीस दिवस थांबून मगच ट्रायकोडर्मा घाला. आधी झाड वाचवा, मग राखणदार बसवा.

पाण्याला वाट द्या

एवढे सगळे केले आणि झाडाखाली पाणी साचत राहिले, तर केलेले पाण्यातच गेले असे समजा. राखणदार मातीतल्या हवेवर जगतो आणि चोर पाण्यात पोहतो. साचलेल्या पाण्यात राखणदार गुदमरतो आणि चोराला नाव मिळते. म्हणून पावसाळ्यापूर्वी दोन ओळींच्या मधून उताराच्या दिशेने चर काढा. आळे दुहेरी करा; म्हणजे बुंध्याभोवती मातीची एक गोल भर द्या, तिच्या बाहेर पाण्याचे आळे ठेवा आणि पाणी बुंध्याला शिवू देऊ नका. ठिबकाची नळी बुंध्यापासून दूर सरकवा.

नवी लागवड करणाऱ्यांनी कलम घेतानाच डोळा पाहावा. तो जमिनीपासून निदान नऊ इंच उंच भरलेला असावा आणि लावताना तो मातीखाली जाऊ देऊ नये. रोपवाटिका करणाऱ्यांनी एप्रिल-मेच्या उन्हात वाफे ओले करून, पारदर्शक प्लास्टिकने चार-सहा आठवडे झाकून माती तापवावी. ती निवल्यावर ट्रायकोडर्मा घालावा. तापलेल्या वाफ्यात शत्रू कमी झालेला असतो आणि रिकामी जागा आपला माणूस आधी धरतो.

पुडी घेताना चार गोष्टी वाचा

जैविक औषधेही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. म्हणून पुडीवर नोंदणी क्रमांक आहे का, पाहा. बुरशीचे पूर्ण नाव वाचा. बीजकणांची संख्या वाचा; ट्रायकोडर्मासाठी एका ग्रॅममध्ये निदान २० लाख जिवंत बीजकण असावे लागतात. तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलाला बरोबर न्यावे. पक्की पावती घ्या. "सगळ्या रोगांवर एकच जैविक टॉनिक" असे कोणी विकत असेल, तर पिशवी न उघडता परत द्या. कृषी विद्यापीठ किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात औषध मिळते का, हे आधी विचारा. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात १९८५ साली झाली. काटोलला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. तिथे जाताना रोगट मुळे आणि मुळाजवळची ओली माती पिशवीत घालून न्या. तोंडी सांगण्यापेक्षा ते बरे.

औषध जैविक असले तरी हाताळताना नाकातोंडाला फडके बांधा आणि नंतर हात धुवा. बारीक भुकटीने काहींना खोकला किंवा अंगाला खाज येते. तरीही, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधेने जी माणसे दगावली, त्यांची आठवण ठेवली तर घरात विषाच्या बाटल्या जितक्या कमी येतील तितके चांगले, हे वेगळे सांगायला नको.

अपेक्षा किती ठेवावी?

पहिल्या वर्षी चमत्कार होणार नाही. दोन-तीन वर्षे नेमाने खत, राखणदार आणि पाण्याची वाट, या तिन्ही गोष्टी सांभाळल्या, तर नवी झाडे पडण्याचे प्रमाण कमी होताना दिसेल. खात्री करायची असेल तर सारख्या जमिनीतली एक ओळ औषधाशिवाय ठेवा. दोन्ही ओळींची मुळे वर्षातून दोनदा उकरून पाहा आणि वहीत लिहा: कोणते झाड पिवळे, कोणत्याला डिंक, कोणते वाळले. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. तुमच्या बगीच्याची माती तुम्हाला जे सांगेल ते खरे.

पावसाळ्याला अजून वेळ असेल तर आज खताचा ढीग चाळून सावलीत घ्या. पाऊस लागलेला असेल तर आज खुरपे घेऊन सखल भागातल्या झाडांची मुळे पाहून या. राखणदार दारात बसवण्याची वेळ झाड हिरवे असतानाच असते.